काउबॉयच्या गोष्टी लिहिणारी बाई

आमचे दादा, म्हणजे माझे वडील, सेलूच्या एका जिनिंगमध्ये कापसाच्या वजनाच्या नोंदी ठेवायचे. हंगामात रात्री घरी यायचे तेव्हा भुवयांवरसुद्धा कापसाचं पांढरं फूल बसलेलं असायचं. हातपाय धुऊन, भाकरी खाऊन ते बाजेवर आडवे व्हायचे आणि उशाखालून एक बारकं इंग्रजी पुस्तक काढायचे. मुखपृष्ठावर ठरलेलं चित्र. मोठी टोपी घातलेला माणूस, कमरेला पिस्तूल, मागे उधळलेला घोडा. आई त्यांना घोड्याची पुस्तकं म्हणायची. घरात तेल संपलंय आणि माणूस घोड्याची पुस्तकं वाचतोय, हे तिचं ठरलेलं वाक्य.

दादांची शाळा निजामाच्या राज्यातली, म्हणजे उर्दू माध्यमाची. इंग्रजी त्यांनी स्वतःच्या जिद्दीनं आणि या पुस्तकांच्या जोरावर कमावलं. कामानिमित्त हैदराबादला गेले की आबिड्सच्या फुटपाथवरून चार-सहा जुनी पुस्तकं घेऊन यायचे. ते गेले आणि पुस्तकांची पत्र्याची पेटी माझ्याकडे आली. बरीच वर्षं मी ती उघडलीच नाही. एका दिवाळीत साफसफाई करताना उघडली, तेव्हा कव्हर फाटलेलं एक पुस्तक हाती आलं. आतल्या पानावर लेखकाचं नाव होतं, डोरोथी एम. जॉन्सन. मी चमकलेच. डोरोथी? म्हणजे बाई? पिस्तुलं, घोडे, मारामाऱ्या, आणि लिहिणारी बाई?

मैत्रिणींनो, आज या बाईची गोष्ट तुम्हाला सांगायची आहे. आजच का सांगतेय, तेही सांगेन, पण शेवटी.

आधी या वेस्टर्न गोष्टी म्हणजे काय, ते थोडक्यात बघू. अमेरिकेत १८६५ मध्ये यादवी युद्ध संपलं. त्यानंतरची पंचवीस-तीस वर्षं लोंढेच्या लोंढे पश्चिमेकडे निघाले. कुणी सोन्यासाठी, कुणी जमिनीसाठी, कुणी गुरांचे कळप हाकत. पोलीस नाही, कोर्ट नाही, ज्याच्या हाती बंदूक त्याचा कायदा. त्या काळावर रचलेल्या कथा म्हणजे वेस्टर्न. आपल्याकडे मॅकेनाज गोल्ड हा सिनेमा लहानलहान गावांतूनही तुफान चालला. आणि शोले तर कुणी पाहिला नाही? दूरचं गाव, डाकूंची दहशत, भाड्यानं आणलेले दोन बंदूकबाज. सगळा साचा वेस्टर्नचाच. फक्त आपल्या मातीत आणून बसवलेला.

अशा कथा लिहिणाऱ्यांत झेन ग्रे, लुई लामूर ही बडी नावं. सगळा पुरुषांचा कारभार. आपल्याकडे रहस्यकथा म्हटलं की बाबूराव अर्नाळकर आठवतात, तसंच. या पुरुषांच्या गर्दीत डोरोथी शिरली आणि नुसती शिरली नाही, तर पहिल्या रांगेत जाऊन बसली.

डोरोथीचा जन्म १९ डिसेंबर १९०५ चा, आयोवा राज्यातल्या मॅकग्रेगर या गावचा. आईवडिलांची एकुलती एक लेक. ती लहान असतानाच कुटुंब मोंटाना राज्यात आलं आणि पुढे व्हाइटफिश नावाच्या गावी स्थिरावलं. मोंटाना म्हणजे अमेरिकेच्या वायव्य भागातलं राज्य, कॅनडाला चिकटलेलं. डोंगर, जंगल आणि हाडं गोठवणारी थंडी.

या व्हाइटफिशबद्दल वाचताना मला सारखं आपलं सेलू डोळ्यांपुढे येत होतं. आपलं सेलू जसं मनमाडहून हैदराबादकडे जाणाऱ्या रेल्वेनं जगाशी जोडलं गेलं, तसंच ते गाव ग्रेट नॉर्दर्न रेल्वेमुळे उभं राहिलं. झाडं तोडून वस्ती केली, पण खोडं तशीच राहिली. रस्त्यांच्या मधोमध खोडं. त्यामुळे लोक त्याला खोडांचं गाव म्हणूनच ओळखायचे. स्टेशन, चार दुकानं, एक शाळा आणि सगळ्यांना सगळ्यांचं सगळं माहीत. आपल्यासारखंच की!

१९१५ मध्ये डोरोथीचे वडील वारले. पोरगी दहा वर्षांचीही नव्हती. आईनं एकटीनं तिला वाढवलं. घरात पुरुष नाही, पैसा बेताचा. शाळेत असतानाच डोरोथी गावच्या टेलिफोन एक्स्चेंजमध्ये बदली ऑपरेटर म्हणून बसू लागली. तेव्हा फोन आपोआप लागत नव्हते, बाईनं वायरी जोडून द्यायच्या. आमच्याकडेही ट्रंक कॉल लावून तासन् तास वाट बघायची पद्धत होती, ते आठवत असेल. कुणाकडे मयत झालं, कुणाचं पोर आजारी, कुणाची उधारी थकली, गावाची सगळी सुखदुःखं त्या वायरींमधून जायची. पुढे म्हातारपणी तिनं आपल्या गावातल्या बालपणावर एक पुस्तक लिहिलं. ते १९८२ मध्ये आलं.

१९२२ मध्ये शाळा संपली. आधी तिनं डॉक्टर व्हायचं मनात धरून बोझमनच्या कॉलेजात नाव घातलं. ते काही तिचं खरं गाव नव्हतं. मग मिसूला इथल्या विद्यापीठात गेली आणि इंग्रजी साहित्य घेतलं. तिथे एच. जी. मेरियम हे प्राध्यापक भेटले. मुलांनी आपल्याच मुलखाबद्दल लिहावं, असा त्यांचा आग्रह असे. १९२८ मध्ये ती पदवीधर झाली.

पण त्याआधी, १९२७ मध्ये, एक गोष्ट घडली होती. शिकता शिकताच तिनं एका सैनिकाशी लग्न केलं होतं. ते लग्न टिकलं नाही. घटस्फोट झाला. एवढंच झालं असतं तर एक वेळ ठीक. पण नवरा गेला तो मागे देणी ठेवून गेला. उधाऱ्या त्यानं केलेल्या आणि भोवती उभे राहिलेले सावकार डोरोथीच्या.

आता बघा, पंचविशीच्या आतली मुलगी. बाप नाही, नवरा नाही, हाताशी नुकतीच मिळालेली पदवी. त्यात १९२९ साली अमेरिकेत महामंदी आली. चांगले चांगले शेअर बाजारवाले रस्त्यावर आले. अशा दिवसांत या मुलीनं ठरवलं की पैन् पै फेडायची. वॉशिंग्टन राज्यातल्या ओकनोगन गावात ती स्टेनोग्राफर झाली. तिथून विस्कॉन्सिनमधल्या मेनाशा गावी एका छपाईच्या कंपनीत गेली. दिवसभर दुसऱ्यांची पत्रं टाइप करायची आणि रात्री स्वतःच्या गोष्टी.

१९३० मध्ये चमत्कार झाल्यासारखं झालं. सॅटर्डे ईव्हनिंग पोस्ट हे तेव्हाचं अमेरिकेतलं मोठं साप्ताहिक. त्यांनी तिची एक गोष्ट घेतली आणि ४०० डॉलर दिले. मंदीच्या काळातले ४०० डॉलर! तिला वाटलं असेल, सुटलो बाई एकदाचे. आता लिहायचं आणि फेडायचं.

आणि त्यानंतर अकरा वर्षं एकही गोष्ट विकली गेली नाही.

मैत्रिणींनो, मी इथे वाचताना थांबले होते. अकरा वर्षं! आपण एखादी पाककृती स्पर्धेला पाठवतो आणि नंबर आला नाही तर पुन्हा पाठवत नाही. भिशीतल्या बायका हसतील म्हणून पेटीतली कविता पेटीतच ठेवतो. ही बाई अकरा वर्षं लिहीत राहिली, पाठवत राहिली, परत आलेली पाकिटं उघडत राहिली. नोकरी मात्र सोडली नाही. कारण हप्ते होते ना!

१९३५ मध्ये ती न्यूयॉर्कला गेली. ग्रेग पब्लिशिंग नावाच्या कंपनीत संपादकीय काम मिळालं. ज्यांनी शॉर्टहँडचा क्लास केलाय त्यांना पिटमन आणि ग्रेग ही नावं माहीत असतील, त्यातलीच ही ग्रेग. १९४१ मध्ये तिचं नशीब पुन्हा उघडलं. ब्यूला बनी नावाच्या एका गमतीदार शिक्षिकेवर तिनं लिहिलेल्या चार गोष्टी त्याच साप्ताहिकानं एकदम घेतल्या, २१०० डॉलर दिले. पुढच्याच वर्षी त्यांचं पुस्तकही झालं. १९४४ पासून ती द वुमन नावाच्या बायकांच्या मासिकाची संपादक होती. म्हणजे बघा, दिवसा बायकांसाठीचं मासिक काढायची आणि उरलेल्या वेळात बंदूकवाल्यांच्या गोष्टी लिहायची!

न्यूयॉर्कमध्ये तिनं पंधरा वर्षं काढली. तिथल्या उंच इमारतींत बसून ती लिहायची मात्र मोंटानाचं. माहेर सोडून आलेल्या बाईला अंगण जास्त स्पष्ट दिसतं, तसंच हे असावं. तिच्या सर्वांत गाजलेल्या दोन कथा याच काळातल्या. एक १९४९ ची, एक १९५० ची. त्या दोन आणि आणखी दोन कथांबद्दल जरा सविस्तर सांगते. कारण तिला ओळखायचं तर तिथेच.

पहिली, द मॅन हू शॉट लिबर्टी व्हॅलन्स. एक मोठा पुढारी एका गावात अंत्ययात्रेला येतो. मेलेला माणूस गरीब, कुणाला आठवतही नाही असा. एवढा मोठा माणूस याच्यासाठी का आला? मग मागचं उलगडतं. लिबर्टी व्हॅलन्स हा तिथला कुख्यात गुंड. त्याला आपण मारलं या कीर्तीवर हा पुढारी मोठा झालेला. खरं म्हणजे त्याला बंदूक नीट धरताही येत नव्हती. गोळी झाडली होती अंधारात उभ्या राहिलेल्या या गरीब माणसानं. दोघांचंही एकाच मुलीवर प्रेम होतं. तिला हा दुसरा जिवंत हवा होता, म्हणून त्यानं वाचवला. श्रेय त्याला दिलं, मुलगीही त्याला दिली आणि स्वतः विस्मरणात गेला. नेहमीच्या वेस्टर्नमध्ये शूर माणूस समोरासमोर उभा राहतो आणि जिंकतो. डोरोथीनं विचारलं, समोर उभ्या राहिलेल्याला भीती वाटत असली तर? आणि ज्याच्या जिवावर तो उभा आहे, त्याचं नावच कुणाला माहीत नसलं तर?

आता सांगा, ही गोष्ट बंदुकीची आहे का? घराघरात असं एक माणूस अंधारात उभं असतं. बहुतेक वेळा ते स्वयंपाकघरात असतं.

दुसरी कथा, अ मॅन कॉल्ड हॉर्स. बोस्टन शहरातला एक श्रीमंत तरुण तिथल्या मूळ रहिवाशांच्या, क्रो नावाच्या जमातीच्या हाती सापडतो. ते त्याला माणूस मानत नाहीत. एका म्हाताऱ्या बाईचा गुलाम करून ठेवतात, जनावरासारखं राबवतात. तो स्वतःला घोडाच समजू लागतो, कारण घोड्याला सगळं सोसता येतं. हळूहळू तो त्यांची भाषा शिकतो, रीत शिकतो, त्या म्हातारीच्या मुलीशी लग्न करतो. पुढे बायको मरते. म्हातारीचा मुलगाही मरतो. आता तो मोकळा असतो, केव्हाही घरी जाऊ शकतो. पण म्हातारीला कुणीच उरलेलं नसतं. ती त्याला मुलगा म्हणून हाक मारते. आणि तो थांबतो. जिनं आपल्याला गुरासारखं वागवलं, तिला ती मरेपर्यंत सांभाळतो. मगच आपल्या गावी परत जातो.

मी ही गोष्ट माझ्या सासूबाईंच्या शेवटच्या आजारपणानंतर वाचली. आणखी काही सांगत नाही. ज्यांनी केलंय त्यांना कळेल.

तिसरी, लॉस्ट सिस्टर. लहानपणी पळवून नेलेली एक गोरी मुलगी चाळीस वर्षं मूळ रहिवाशांमध्ये राहते. तिथेच तिचा संसार होतो, मुलगा होतो. मग सैनिक तिला सोडवून घरी आणतात. बहिणी आनंदानं रडतात, नवे कपडे देतात, पलंग देतात. पण बाई बोलत नाही. तिला तिची भाषा आठवत नाही आणि आठवायचीही नाही. माहेरच्यांनी जिला सोडवलं म्हणून गावभर सांगितलं, ती त्यांच्या घरात कैदी असते. एका रात्री ती निघून जाते. बाईचं घर कुठलं, हे कुणी ठरवायचं? जन्म दिलेल्यांनी, सोडवणाऱ्यांनी, का तिनं स्वतः? आपल्या ओव्यांपासून आजपर्यंत हाच प्रश्न चालू आहे ना? या कथेला वेस्टर्न लेखकांच्या संघटनेचा स्पर पुरस्कार मिळाला. स्पर म्हणजे घोड्याला टाच मारायला बुटाला लावतात तो काटा.

आणि चौथी, द हँगिंग ट्री, म्हणजे फाशीचं झाड. ही लघुकादंबरी १९५७ मध्ये पुस्तकात आली. सोनं शोधणाऱ्यांची वस्ती, तिथला एक तापट डॉक्टर आणि त्यानं जिची आंधळी झालेली दृष्टी परत आणली ती एलिझाबेथ. शेवटी चिडलेला जमाव डॉक्टरला झाडाला लटकवायला निघतो. एलिझाबेथ आपलं सगळं सोनं, सोन्याच्या खाणीचा हक्कसुद्धा, त्या जमावापुढे टाकते आणि त्याचा जीव सोडवून घेते. सावित्रीनं यमाशी वाद घातला. या बाईनं हिशेब चुकता केला.

लक्षात येतंय का? चारही कथांमध्ये कुणीतरी कुणाचं तरी देणं लागतं. कुणी फेडतं, कुणाला आयुष्यभर फेडता येत नाही. बाहेरून घोडे आणि बंदुका, आत मात्र देण्याघेण्याची वही. नवऱ्याची देणी फेडत तारुण्य घालवलेल्या बाईनं दुसरं काय लिहावं?

१९५० मध्ये ती न्यूयॉर्क सोडून व्हाइटफिशला परत आली आणि गावच्या व्हाइटफिश पायलट या वर्तमानपत्रात वृत्तसंपादक झाली. न्यूयॉर्कच्या मासिकाची संपादक गावच्या पेपरात! लोक म्हणाले असतील, उलटं चाललीय. पण तिला तेच हवं होतं. १९५३ मध्ये ती मिसूलाला गेली. तिथे मोंटानाच्या वृत्तपत्र संघटनेचं काम आणि विद्यापीठात पत्रकारितेचं अध्यापन, असं दोन्ही १९६७ पर्यंत केलं. त्याच १९५३ मध्ये इंडियन कंट्री हा तिचा कथासंग्रह आला. दादांच्या पेटीतलं पुस्तक ते हेच.

मग सिनेमावाले आले. द हँगिंग ट्री १९५९ मध्ये पडद्यावर आला, नायक गॅरी कूपर. १९६२ मध्ये जॉन फोर्डनं लिबर्टी व्हॅलन्स केला, जॉन वेन आणि जेम्स स्ट्युअर्ट या दोघांना घेऊन. १९७० मध्ये अ मॅन कॉल्ड हॉर्स आला, रिचर्ड हॅरिसचा. त्यात क्रो जमातीच्या जागी सू जमात दाखवली, आणखीही बरेच बदल केले. तीन सिनेमे, तिन्ही गाजले. नटांची नावं जगभर झाली. ज्या बाईच्या डोक्यातून ते निघाले, तिचं नाव फार थोड्यांना माहीत. लिबर्टी व्हॅलन्सच्या गोष्टीसारखंच झालं की! गोळी एकाची, नाव दुसऱ्याचं.

एक गोष्ट मात्र तिच्या नावावर ठळक लिहायला हवी. त्या काळच्या बहुतेक वेस्टर्न गोष्टींत मूळ रहिवासी म्हणजे नुसते आरडाओरडा करत मरायला येणारे. रेड इंडियन म्हणून आपणही लहानपणी तसंच पाहिलं. ज्यांची जमीन गेली, रानरेडे गेले, लेकरं गेली, ती माणसंच गोष्टीत राक्षस! डोरोथीनं त्यांना घर दिलं, सासू दिली, दुःख दिलं. सगळंच तिला बरोबर कळलं असेल असं नाही, ती शेवटी बाहेरचीच. पण तिनं समजून घ्यायचा प्रयत्न केला. १९५९ मध्ये ब्लॅकफीट जमातीनं तिला आपल्यातली मानद सदस्य करून घेतलं. १९७७ मध्ये, वयाच्या सत्तरीनंतर, तिनं बफेलो वुमन ही कादंबरी लिहिली. तिची नायिका लाकोटा जमातीची एक बाई, तिचं जन्मापासूनचं आयुष्य. बंदूकवाले पुरुष तिथे मागे गेले आणि बाई पुढे आली. त्याआधी १९६५ मध्ये पश्चिमेकडे गेलेल्या खऱ्याखुऱ्या बायकांवरही तिनं एक पुस्तक लिहिलं होतं. बैलगाडीतून, पोटात लेकरू घेऊन गेलेल्या बायका. इतिहासात त्यांची नावं कोण लिहिणार?

तिनं पुन्हा लग्न केलं नाही. शेवटची वर्षं आजारपणात गेली. कंपवातानं हात चालेनासे झाले. लिहिणाऱ्या बाईला याहून मोठी शिक्षा नसेल. ११ नोव्हेंबर १९८४ रोजी मिसूला इथे ती गेली. वय ७८. पुढे वेस्टर्न लेखकांच्या त्याच संघटनेनं विसाव्या शतकातल्या उत्तम वेस्टर्न कथा निवडल्या, तेव्हा तिच्या एकाहून अधिक कथा अगदी वरच्या जागी होत्या.

तिला व्हाइटफिशच्या दफनभूमीत ठेवलं. ख्रिस्ती लोकांत थडग्याच्या दगडावर मोठमोठी वाक्यं कोरतात, धर्मग्रंथातली वचनं कोरतात. डोरोथीनं आपल्या दगडावर काय हवं ते स्वतःच ठरवून ठेवलं होतं. एकच शब्द. बिल चुकतं झालं की पावतीवर जो शिक्का मारतात ना, तोच. फिटलं, म्हणजे देणं बाकी नाही. बस्स.

आणि आता, हे आज का लिहितेय ते सांगते.

सात वर्षांपूर्वी आमच्या यांनी एका मित्राच्या कर्जाला जामीन म्हणून सही केली. मैत्रीखातर, चहाच्या टेबलावर. मित्रानं दोन हप्ते भरले आणि गाव सोडलं. एक दिवस पतसंस्थेची नोटीस आली आणि कळलं की देणं आपलं झालं. यांचं दुकान आधीच बसलेलं. उरला माझा शाळेतला पगार. माझी सही त्या कागदावर कुठेच नव्हती. पण घर दोघांचं होतं.

मी खूप चिडले होते. महिनाभर यांच्याशी बोलले नाही. दर महिन्याला पैसे भरताना वाटायचं, मी का? मी एक रुपया घेतला नाही, एक रुपया वापरला नाही. लेकीच्या शिकवणीचे पैसे कमी केले, माझ्या पाटल्या मोडल्या. त्याच दिवाळीत दादांची पेटी उघडली होती. मी रात्री शब्दकोश घेऊन ती गोष्टींची पुस्तकं वाचायला लागले. लेकीनं डोरोथीबद्दल माहिती शोधून दिली आणि तिच्या दगडाबद्दल कळलं, तेव्हा मी बराच वेळ तशीच बसून राहिले.

तिनं नवऱ्यासाठी फेडलं नाही. नवऱ्याला तर तिनं सोडलं होतं. तिनं स्वतःसाठी फेडलं. उद्या रस्त्यानं जाताना कुणापुढे मान खाली घालावी लागू नये म्हणून. हे कळल्यावर माझा राग गेला असं नाही, पण त्याची जागा बदलली. मी नवऱ्याचं देणं फेडतेय, असं वाटायचं थांबलं. मी माझी मान सोडवून घेतेय, असं वाटू लागलं. यांच्याशी मी बोलायला लागले. वही मात्र माझ्याकडे ठेवली आणि घरातली कुठलीही सही माझ्या डोळ्यांखालून गेल्याशिवाय होणार नाही, हे ठरवून घेतलं.

हे वाचून कुणी असं समजू नका की बाईनं नवऱ्याचं कर्ज फेडलंच पाहिजे. मुळीच नाही. आपल्या कायद्यात नवऱ्यानं एकट्यानं काढलेल्या कर्जासाठी, बायकोची सही नसेल, तर तिच्या स्वतःच्या कमाईवर हक्क सांगता येत नाही. नवरा गेल्यावर वारसांवर जे येतं तेही त्याच्याकडून मिळालेल्या मालमत्तेपुरतंच. पण जामीनदार म्हणून सही केली, की तुमची जबाबदारी कर्जदाराइतकीच. १८७२ च्या करार कायद्यातच ते आहे. तेव्हा मैत्रिणींनो, कुणी पेन पुढे केलं तर आधी कागद वाचा. फेडायचं की नाही हे बाईनं स्वतः ठरवावं, तिच्यावर कुणी लादू नये. डोरोथीच्या दगडाचा मी तरी हाच अर्थ लावते.

गेल्या आठवड्यात मी शेवटचा हप्ता भरला. काउंटरवरच्या मुलानं शिक्का मारला, पावती फाडून दिली आणि पुढच्याला हाक मारली. त्याच्यासाठी रोजचंच. मी बाहेर येऊन पायरीवर टेकले. समोरून कापसाच्या गाड्या चालल्या होत्या. दादांची फार आठवण झाली. घरात तेल नसताना ती पुस्तकं कशाला वाचता, असं आई विचारायची. त्यांनी कधी उत्तर दिलं नाही. मला वाटतं, ते आता मिळालं.

पावती मी त्या फाटक्या कव्हरच्या पुस्तकात ठेवलीय. पेटीतच. लेकीला सांगून ठेवलंय की पेटी उघडशील तेव्हा दोन्ही वाच.